नकाशा आधी बायकांना दाखवा

महोदय,

‘परवडणारी घरे’ अशी जाहिरात दिसली की मला आमच्या भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायका आठवतात. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने पदपथवासीयांचा उपजीविकेचा हक्क मान्य केला, पण झोपड्या हटवायची मुभाही पालिकेला दिली. त्या काळात ‘स्पार्क’ ही संस्था या वस्त्यांत काम करत होती. पुढे या बायकांचीच ‘महिला मिलन’ ही संघटना उभी राहिली.

रोज झोपडी-झोपडीशी जाऊन रुपया-दोन रुपये बचत गोळा व्हायची. वाचता न येणाऱ्यांसाठी रंगीत कागदाचे तुकडे असत. रंगावरून रक्कम कळे. घर कसे हवे हेही त्यांनीच ठरवले. अंगावरच्या साडीचे माप लावून उंची-रुंदी मोजली आणि चौदा फूट उंची मागितली, म्हणजे आत माळा निघतो, मुलांना झोपायला जागा होते. कुठल्या इंजिनीअरला हे सुचले असते? पुढे त्यांच्यातल्या अनेकजणी मानखुर्दच्या मिलननगरात राहायला गेल्या.

माझी आत्या पुनर्वसनाच्या इमारतीत सातव्या मजल्यावर राहते. घर फुकट मिळाले, पण देखभालीचा खर्च सोसायटीला झेपत नाही आणि लिफ्ट बंदच असते. दर दोन मजल्यांना ती भाजीची पिशवी पायरीवर टेकवून बसते. तिला विचारायला कोणी आले नव्हते.

पुनर्विकासाचा आराखडा मंजूर करण्याआधी तो वस्तीतल्या बायकांना दाखवणे सक्तीचे करावे. कागदावर नको, जमिनीवर. खडूने आखला तरी चालेल.

– एक वाचक, भायखळा