सूचना : मालवाहतूक व मोठ्या प्रमाणावरील नियोजनावरील ग्रंथांचे वाचन

मंडळाच्या सर्व सभासदांना कळविण्यात येते की, पुढील मासिक बैठकीत मालवाहतूक, साठवण आणि पुरवठा यांवरील दोन इंग्रजी ग्रंथांवर चर्चा होईल. मार्क लेविन्सन यांचा ‘द बॉक्स’ (२००६) आधी वाचावा. २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ कंटेनर (माल भरण्याच्या मोठ्या पेट्या) घेऊन अमेरिकेतील न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघाले, तेथपासून बंदरांवरील हमाली, भाडे आणि कारखान्यांच्या जागा कशा बदलत गेल्या, हे त्यात सविस्तर येते. बंदर-कामगारांच्या संघर्षाची प्रकरणे रुक्ष वाटली तरी कृपया गाळू नयेत, कारण खरा पेच तेथेच आहे. मार्टिन व्हॅन क्रेवेल्ड यांचा सैन्याच्या रसदीवरील ‘सप्लाइंग वॉर’ (१९७७) तुलनेने जड आहे. वेळ कमी असल्यास नेपोलियनच्या १८१२ च्या रशिया मोहिमेचा भाग तरी वाचावा, म्हणजे घोड्यांच्या वैरणीचा प्रश्न सैन्याला कसा जखडून ठेवतो, ते ध्यानात येईल.

नागपूरजवळील वाडी येथील गोदामांत किंवा नागपूरच्या ‘मिहान’ या मालवाहतूक व उद्योग प्रकल्पात काम करणाऱ्या सभासदांनी आपला अनुभव अवश्य मांडावा. पुस्तकांपेक्षा तो कदाचित अधिक उपयोगी ठरेल. प्रत्येक ग्रंथाची एकच प्रत असल्याने ती पंधरा दिवसांत परत करावी आणि समासात पेन्सिलीनेही खुणा करू नयेत.