काकांच्या तबकड्या आणि तुझं चॅनेल

धरमपेठ, नागपूर

प्रिय अरुण,
सप्रेम नमस्कार.

पत्र आणि यादी दोन्ही मिळाली. महालातल्या घरी माळ्यावर काकांच्या तीन ट्रंका. दोनांत रेकॉर्ड, तिसरीत कॅसेट, सिनेमाच्या पुस्तिका आणि नटनट्यांचे फोटो. दिवाळीत यायचं, सगळं कॉम्प्युटरवर चढवायचं आणि जुन्या गाण्यांचं चॅनेल काढायचं, असा तुझा बेत. बेत झकास आहे, पण लताबाईंची गाजलेली गाणी तू पुन्हा एकदा टाकलीस म्हणून कोणाचं काही भलं होणार नाही. कंपनीच्या मूळ टेपवरून काढलेली, आपल्या सुईपेक्षा कितीतरी स्वच्छ अशी ती आधीपासूनच नेटवर आहेत. ट्रंकेत असं काय आहे जे दुसरीकडे नाही, तेवढंच बघ. पुन्हा कधी एलपीवर (नंतरच्या मोठ्या व्हिनाइल तबकडीवर) न आलेली भावगीतं, ७८ वर (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीवर) वेगळा अंतरा असलेली सिनेमाची गाणी, लेबलवरची नावं, रेडिओवरून घरी टेप केलेले कार्यक्रम, टॉकीजचा शिक्का असलेल्या पुस्तिका. चॅनेल चालवायचं तर या मालावर.

ट्रंका पुण्याला नेऊ नको. ७८ ची तबकडी लाखेची असते, वाकत नाही, तुटते. आणि टिनाखाली इतके मे महिने काढलेली लाख आणखीच ठिसूळ झालेली असणार. ट्रंक भरलेली असताना उचलू नका. वरच रिकामी करा, एकेक तबकडी, दोन्ही तळव्यांत कड धरून. चळतीच्या मधून ओढून काढायची नाही. खाली आणल्यावर पुस्तकांसारख्या उभ्या ठेवायच्या, आडव्या रचायच्या नाहीत. कूलरच्या खोलीत तर मुळीच नाही. कूलरच्या दमट हवेनेच पाकिटांवर पांढरी बुरशी धरते. बुरशीची पाकिटं फेकायची असली तरी आधी त्यांचा फोटो काढ. त्यांवर दुकानाचे शिक्के असतात, बर्डीचे, इतवारीचे, सदरचे. नागपुरात रेकॉर्ड कुठे विकल्या जात, याचा तेवढाच कागदी पुरावा उरलाय. नाकाला मास्क लाव.

आता धुणं. इथेच लोक वाट लावतात. एलपी आणि ४५ च्या छोट्या ईपी व्हिनाइलच्या, त्यांना पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. ७८ ला अल्कोहोलचा थेंबही नको. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, फर्निचरचं पॉलिश त्याच जोरावर बनतं. चमक गेली की आवाजही गेला. ७८ साठी एक लिटर डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे तीन-चार थेंब, बस. मऊ ब्रश खाचांच्या दिशेने गोल फिरव, आडवा नाही. लेबल कोरडं राहू दे. नंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पूस, तंतू न सुटणाऱ्या कापडाने टिप आणि सावलीत उभी वाळव. नळाचं पाणी वापरू नको, क्षार खाचेत बसतात आणि नवीन खरखर तयार होते. तडा गेलेली तबकडी ओलीच करायची नाही.

सुईबद्दल तू विचारलंस, ‘आहे त्याच सुईने वाजेल का?’ वाजेल, पण वाईट. एलपीच्या सुईचं टोक साधारण ०.७ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), ७८ ची खाच त्याच्या कितीतरी पट रुंद. तिला सुमारे ३ मिलची सुई लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी घासत जाते, म्हणजे नेमकी धूळ आणि झीज असते तिथे. ३ मिलची सुई भिंतींना टेकून चालते. तुझ्या टर्नटेबलला ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) आहे असं यादीत लिहिलंस, मग काम सोपं. त्याच मालिकेत ७८ साठी एसपी नावाची सुई येते. जुनी ओढून काढायची, ही बसवायची. तिला वजन ५ ग्रॅमच्या आसपास लागतं आणि बऱ्याच टोनआर्मच्या (सुईच्या दांड्याच्या) चकतीवर आकडे ४ पर्यंतच असतात, म्हणून छोटा डिजिटल काटा घेऊन ये. अंदाजाने वजन लावशील तर सुई उड्या मारेल आणि दोष तबकडीला देशील.

वेगाचं थोडं किचकट आहे. ७८ हा आकडा लेबलवरचा. सगळ्या कंपन्यांनी, विशेषतः १९२५ च्या आधीच्या, माइकशिवाय भोंग्यासमोर केलेल्या रेकॉर्डिंगांत, तो काटेकोर पाळलेला नाही. ८० च्या वेगाने कापलेली तबकडी ७८ वर लावली तर स्वर जवळजवळ पाव टोन उतरतो. गाण्यात हार्मोनियम असेल तर आपल्या पेटीवर षड्ज शोध. तो दोन पट्ट्यांच्या मध्ये लोंबकळत असेल तर वेगावर संशय घे. संशयच, कारण त्या काळच्या पेट्याही आजच्या ट्यूनरला बांधलेल्या नव्हत्या. उड्या मारणारी तबकडी असेल तर ४५ वर वाजव आणि नंतर सॉफ्टवेअरमध्ये वेग १.७३३ पट कर. मात्र त्या वेळी टर्नटेबलमधला प्रीअँप (आवाज वाढवताना खर्ज-टीपही बदलणारा भाग) बंद हवा, म्हणजे आवाज सपाट यायला हवा. ईक्यू, म्हणजे खर्ज-टीपेचं प्रमाण जुळवणं, वेग बदलल्यानंतर लावायचा, आधी लावलास तर खर्ज-टीप सगळं चुकीच्या जागी जाईल.

ईक्यू का, तर एलपीसाठी सगळ्यांनी जी आरआयएए वक्ररेषा धरली ती १९५४ ची. त्याआधीच्या ७८ वर ती लावली की टीप दबते आणि आवाज घोंगडीतून आल्यासारखा होतो. एचएमव्हीच्या बहुतेक इलेक्ट्रिकल (माइकवर मुद्रित) तबकड्यांसाठी सुरुवात बेस टर्नओव्हर (ज्याच्या खाली खर्ज वाढवायचा ती सीमा) २५० हर्ट्झ आणि वरचा रोलऑफ (टीप कमी करणं) शून्य अशी कर, मग कानाने ठरव. ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये हे फिल्टर कर्व्हने जमतं.

रेकॉर्ड करताना दोन्ही चॅनेल घे, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, सर्वांत मोठा आवाज उणे ६ डीबीच्या वर जाऊ देऊ नको. मिनिटाला साधारण ३५ एमबी जागा लागेल. तबकडी मोनो असली तरी स्टिरिओतच घे. नंतर दोन्ही चॅनेल बेरजेत घातले की सुईच्या वरखाली हालचालीचा बराच आवाज आपोआप कटतो. एक भिंत जास्त झिजली असेल तर दुसरा चॅनेल एकटा वापरता येतो. मूळ डब्ल्यूएव्ही फाइलला हात लावायचा नाही. साफसफाई प्रतीवर.

आणि साफसफाई, बाप्पा, जपून! ठक-ठक काढायचं क्लिक रिमूव्हल चालेल. नॉइज रिडक्शन मात्र ६ डीबीच्या पुढे नेऊ नको. सुरुवातीच्या मोकळ्या खाचेतला दोन सेकंदांचा नमुना दे आणि थांब. त्याच्यापुढे गेलास की सारंगीची धार जाते, ‘स’ आणि ‘श’ बोबडे होतात, आणि मागे पाण्यात बुडबुडे आल्यासारखा आवाज राहतो. नेटवर जुन्या गाण्यांचं ‘क्रिस्टल क्लीअर’ म्हणून जे मिरवतात त्यातलं निम्मं असंच मारलेलं असतं. खरखर ऐकणाऱ्याला दोन मिनिटांत सवयीची होते, मारलेला आवाज परत येत नाही.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ते लेबल. दोन्ही बाजूंचा फोटो घे, उजेड तिरका ठेवून, म्हणजे लेबलजवळच्या मोकळ्या पट्टीत कोरलेला मॅट्रिक्स क्रमांकही (कंपनीने त्या रेकॉर्डिंगला दिलेला) वाचता येईल. लेबलवरचा क्रमांक (एचएमव्हीवर बहुधा ‘एन’, कोलंबियावर ‘जीई’ असा सुरू होतो), दोन्ही बाजूंची गाणी, गायक, संगीतकार, कवी, जसं छापलंय तसं उतरव. शुद्धलेखनही सुधारू नको. तुझी दुरुस्ती वेगळ्या रकान्यात. कारण लेबल चुकतंही आणि बोलतंही. १९४९ च्या ‘महल’मधल्या ‘आयेगा आनेवाला’च्या तबकडीवर गायिकेचं नाव होतं ‘कामिनी’, म्हणजे मधुबालाने केलेल्या पात्राचं. पार्श्वगायकाचं नाव छापायची रीत तेव्हा पक्की झालेली नव्हती. तसं लेबल ट्रंकेत निघालं आणि तू त्यावर ‘लता मंगेशकर’ एवढंच लिहून टाकलंस, तर अख्खा इतिहास पुसलास.

मराठीत तर आणखी घोळ. वसंत देसाई, वसंत पवार, वसंत प्रभू या तिघांची गाणी नेटवर एकमेकांच्या खाती जमा होतात. ‘आनंदघन’ म्हणजे लताबाई, हे बहुतेकांना माहीत आहे, पण स्नेहल भाटकर म्हणजे वासुदेव भाटकर हे विसरतात आणि एकाच माणसाचे दोन संगीतकार होतात. कवीचं नाव तर सर्रास गाळतात. ‘रानारानात गेली बाई शीळ’ची तबकडी निघाली तर जी. एन. जोशींच्या नावाखाली मेहकरचे ना. घ. देशपांडे ठळक लिही. मराठी भावगीताचा आरंभ जिच्यापासून सांगतात ती कविता आपल्या वऱ्हाडची आहे, एवढा अभिमान आपण मिरवायलाच हवा.

हिंदीसाठी कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांचा ‘हिंदी फिल्म गीत कोश’ उघडल्याशिवाय एकही ओळ टाकू नको. दशकवार खंड आहेत, चित्रपटागणिक गाणी आणि रेकॉर्डचे क्रमांक आहेत. एक लक्षात ठेव: दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं मावायची. म्हणून लांब गाणं दोन बाजूंना तोडत, किंवा रेकॉर्डसाठी वेगळं, आखूड म्हणवून घेत. तुझ्याकडची तबकडी आणि पडद्यावरचं गाणं शेजारी शेजारी ऐक. अंतरा कमी-जास्त निघाला की तेच लिहायचं, पोस्ट तयार.

कॅसेटचं फार लिहीत नाही. वाजवण्याआधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळ, आतल्या दाबपट्टीचा फेल्ट निखळलाय का बघ, हेड आणि रबरी रोलर स्वच्छ कर (हेडला आयसोप्रोपिल चालतं). प्रत्येक कॅसेटला हेडचा अझिमथ (टेपशी असलेला कोन) ठरवणारा स्क्रू किंचित फिरवून टीप सर्वांत उघडी ऐकू येते तिथे थांब. मोनो करून ऐकलंस तर नेमकं कळतं. सी-९० ची टेप सी-६० पेक्षा पातळ असते, तिला सारखं मागेपुढे करू नको. ज्या कॅसेटवर काकांच्या अक्षरात ‘रेडिओ’ लिहिलंय त्या आधी घे. अमीन सयानींचं निवेदन, मधल्या जाहिराती, आकाशवाणी नागपूरची उद्घोषणा सापडली तर कापू नको. गाणी सगळीकडे आहेत, ही बोलणी नाहीत.

पुस्तिका आणि फोटो. गंजलेल्या पिना नखाने उचकू नको, पातळ प्लास्टिकची पट्टी घाल. लॅमिनेशन नाही, सेलोटेप नाही. स्कॅन ६०० डीपीआय, टिफ फाइल. छोट्या फोटोंना १२००. छापील चित्रांत ठिपक्यांची जाळी दिसली तर स्कॅनरचं डीस्क्रीन प्रतीवर लाव, मूळ तसंच राहू दे. पाठीमागची बाजूही स्कॅन कर, स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो. एआयने रंग भरणं आणि चेहरा ‘सुधारणं’ हे तुझ्या चॅनेलवर दिसलं तर मी चॅनेल बघणार नाही. ते यंत्र पुसट जागी अंदाजाने नवा चेहरा रंगवतं, त्यात नूतनची नूतन राहत नाही.

ओळख पटवतानाही सावध. दोन सुलोचना आहेत. मूकपटांतली रूबी मायर्स, जी १९८३ साली गेली, आणि आपल्या सुलोचना लाटकर, ज्या २०२३ साली गेल्या. दोन शांता आहेत. १९३७ च्या ‘कुंकू’तल्या आपटे आणि १९३९ च्या ‘माणूस’मधल्या हुबळीकर. दोघी प्रभातच्या, म्हणून जास्त गोंधळ. खात्री नसेल तर ‘बहुधा’ लिही. एकदा चुकीचं नाव टाकलंस की ते शंभर ठिकाणी चिकटतं.

कायद्याचं तू सोडून दिलंयस, मी सोडत नाही. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. १९६४ ची तबकडी १ जानेवारी २०२५ ला मोकळी झाली. पण त्यातले शब्द आणि चाल यांचा हिशेब वेगळा, कवी आणि संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. गदिमा १९७७ साली गेले, म्हणजे शब्द २०३७ संपेपर्यंत बांधलेले. बाबूजी (सुधीर फडके) २००२ साली गेले, त्यांची चाल २०६२ पर्यंत. फोटोंनाही छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. रेडिओच्या प्रसारणाचा स्वतंत्र हक्क २५ वर्षांचा, पण त्यात वाजलेल्या गाण्याचे हक्क त्याने संपत नाहीत. म्हणून अख्खं गाणं टाकण्यापेक्षा अर्ध्या मिनिटाचा तुकडा, लेबलचा फोटो आणि तुझं टिपण असं ठेव. तरी हक्काचा दावा येऊ शकतो, चॅनेलच्या साइटची आपोआप तपासणारी यंत्रणा फक्त आवाज जुळवते, साल बघत नाही. उत्तराला लेबलचा फोटो हाताशी लागेल.

येण्याआधी एवढं कर. सुई मागव, काटा घे, दोन एक्स्टर्नल डिस्क आण. त्यातली एक इथे माझ्याकडे राहील. डिस्टिल्ड वॉटर आणू नको, बॅटरीच्या दुकानात इथे कुठेही मिळतं. महालातल्या घराची किल्ली कोणाकडे आहे ते कळव, म्हणजे दिवाळीआधीच ट्रंका वरच रिकाम्या करून सगळं खाली, पूर्वेकडच्या खोलीत उतरवून ठेवतो. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
मोहन