ताई, तो पाण्याचा ग्लास

ताई, जय भीम.

लिहीन लिहीन म्हणत होतो बरेच दिवस. आज रविवार, सकाळपासून पाऊस लागलाय, लाईट गेलीय, मोबाईलला चार्जिंग आहे तोवर लिहून टाकतो.

मी तुमच्याकडे थेरपीसाठी आलो तेव्हा साहेबांनी नुसती हाक मारली तरी छातीत धडधडायचं, मीटिंगमध्ये तोंडातून शब्द फुटायचा नाही. ईसीजी नॉर्मल. आधी एका काउन्सेलरकडे जाऊन आलो होतो, ते म्हणाले लोकांकडे लक्ष देऊ नको, पॉझिटिव्ह राहा. ते काही जमलं नाही, आणि जमत नाही म्हणजे खोट माझ्यातच आहे असं मी धरून बसलो.

तुम्ही दर वेळी टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवायचात. चौथ्या वेळी म्हणालात, "अरे, मंडणगडहून उन्हातान्हात एसटीने महाडला येतोस, तासभर बोलतोस, आणि या पाण्याला एकदाही हात लावत नाहीस?" माझ्या ते लक्षातच नव्हतं, खरंच. बॅगेत माझी बाटली असतेच, ऑफिसातही माझीच बाटली, कूलरकडे मी आठ वर्षांत गेलेलो नव्हतो. आणि मग एकदम आठवलं, तिसरीत असेन, मित्राकडे खेळून तहान लागली तर त्याच्या आजीने मला पडवीच्या खाली उभं केलं आणि वरून तांब्याने पाणी ओतलं, मी ओंजळ धरलेली, निम्मं पाणी कोपरावरून शर्टात, आणि मित्र दारातून बघतोय. घरी कुणाला बोललो नव्हतो. तुम्हाला सांगताना गळा आवळला तेव्हा तुम्ही घाई केली नाहीत, "पाय जमिनीला टेकव, श्वास सोड, आपल्याला वेळ आहे" एवढंच.

पण खरी लाज वेगळीच होती. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे आमच्याच तालुक्यातलं. 1927 ला 20 मार्चला बाबासाहेब आणि आपली माणसं चवदार तळ्याचं पाणी प्यायली, तिथेही ओंजळच होती, आणि दर वर्षी त्या तळ्यावर वाडीतल्या पोरांबरोबर घोषणा देणारा मी दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या कूलरला भिणार! अशा माणसाने जय भीम म्हणावं कशाला, असं वाटायचं. तेव्हा तुम्ही क्लार्क या मानसशास्त्रज्ञ नवरा-बायकोचं सांगितलंत. अमेरिकेत 1940 च्या सुमारास त्यांनी लहान काळ्या मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या, चांगली कुठली विचारलं तर बऱ्याच पोरांनी गोरी दाखवली, तुझ्यासारखी कुठली विचारलं तर काही रडली. 1954 ला शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवताना तिथल्या सुप्रीम कोर्टाने याची दखल घेतली. "ती पोरं काय कमकुवत होती का रे?" तुम्ही विचारलंत. त्या रात्री बऱ्याच महिन्यांनी मी नीट झोपलो.

याला इंटिग्रेटिव्ह सायकोथेरपी म्हणतात, एकाच पद्धतीला धरून न बसता माणसाला लागेल ते वापरायचं, हे मला फार उशिरा कळलं. तुम्ही वहीत प्रसंग, विचार, त्याला पुरावा काय असं लिहायला लावलंत, पण "हे मला कमी लेखतात" असं मी लिहिलं तेव्हा ते चुकीचा विचार म्हणून खोडायला नाही लावलंत, कारण कधीकधी ते खरंच असतं, आमच्याकडे आडनाव काय आणि कुठल्या वाडीतला हे काही पत्रावर पत्ता घालायला विचारत नाहीत. जे बाहेर आहे ते बाहेरच ठेवायचं आणि आत साचलंय त्यावर काम करायचं. समोरच्या रिकाम्या खुर्चीत त्या आजीला मनाने बसवून तिच्याशी बोलायला लावलंत, मी वीस मिनिटं काहीच बोललो नाही, मग एकच वाक्य आलं, "मला तहान लागली होती." यापुढचं इथे लिहीत नाही.

आता कूलरवर जातो. पहिल्या दिवशी हात थरथरत होता, कुणी बघितलंही नाही.

ताई, तुमचे फार फार उपकार आहेत. बाबांना घेऊन यायचंय एकदा. मला काय धाड भरलीय म्हणतात, पण परवा जेवताना स्वतःहून विचारलं, "त्या बाई नक्की काय विचारतात रे?"