जळालेल्या बिलाची दुसरी प्रत

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

माझ्या विमा सर्वेयरच्या परवान्याच्या कागदपत्रांत तुमचं नाव कुठेच नाही. प्रशिक्षणाच्या दाखल्यावर सरांची सही आहे, गुणपत्रिकेवर संस्थेचा शिक्का आहे. तरीही क्लेम तपासायला मी तुमच्याकडे शिकले, आणि हे चारचौघांत सांगावं म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे. इंजिनिअरिंग करून या व्यवसायात येऊ बघणाऱ्या मुलामुलींच्या हातीही ते पडावं, हा दुसरा हेतू.

आपल्याकडे सर्वेयर आणि लॉस असेसर, म्हणजे विम्याच्या क्लेममधलं नुकसान तपासून मोजणारा, व्हायचं तर आयआरडीएआय या विमा नियामकाकडे नोंदणी, परवानाधारक सर्वेयरच्या हाताखाली 12 महिन्यांचं प्रशिक्षण आणि मग परीक्षा. आग, इंजिनिअरिंग, मोटार, मरीन कार्गो असे विभाग वेगवेगळे. मी मेकॅनिकलची, त्यामुळे सरांबरोबर रबाळे-महापेच्या कारखान्यांत गेल्यावर जळालेली मोटर रिवाइंड होईल की भंगारात जाईल हे मला बघून कळायचं. अडायचं ते स्टॉकपाशी. काळ्या पडलेल्या ढिगात काय होतं आणि किती होतं, ते कसं ठरवायचं? आईने हे तुमच्या कानावर घातलं आणि रविवारी सकाळी तुमच्या जेवणाच्या टेबलावर आपली शाळा सुरू झाली. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात उभी नोकरी हिशेबात गेलेला माणूस निवृत्तीनंतर पुन्हा खतावण्या उघडून बसला, तोही शेजारच्या मुलीसाठी.

पहिल्याच दिवशी तुम्ही कोऱ्या कागदावर मांडलंत: वर्षाच्या सुरुवातीचा साठा, त्यात आगीच्या दिवसापर्यंतची खरेदी आणि उत्पादनाचा खर्च मिळवायचा, विक्रीतून ढोबळ नफा काढून जी मूळ किंमत उरते ती वजा करायची. जे उरेल तेवढा माल त्या दिवशी गाळ्यात असायला हवा. मग म्हणालात, "हा नफ्याचा टक्का मागच्या तीन वर्षांच्या ताळेबंदांशी लावून बघ. एकाच वर्षी उडी दिसली तर मालकाला कारण विचार. कारण खरंही असू शकतं." हे शेवटचं वाक्य मी फार जपलं आहे. शंका घ्यायला सगळेच शिकवतात. उत्तर ऐकून घ्यायला तुम्ही शिकवलंत.

परवाना मिळाल्यावर लवकरच एका छोट्या प्लास्टिक मोल्डिंगच्या गाळ्याचं काम आलं. ऑफिसची केबिन, कॉम्प्युटर, फायली, सगळं जळलेलं. मालक कठड्यावर बसून एवढंच म्हणत होते, "मॅडम, आता दाखवू काय?" मला तुमचं बोलणं आठवलं: व्यवहार एकट्याने होत नाही, समोरच्याकडे त्याची नोंद असणारच. प्लास्टिकचा दाणा, म्हणजे कच्चा माल, पुरवणाऱ्यांकडून खात्याचे उतारे मागवले. जीएसटी पोर्टलवरून विवरणपत्रं आणि मालवाहतुकीची ई-वे बिलं निघाली, ट्रान्सपोर्टवाल्याकडे लॉरी रिसीटच्या प्रती होत्या. कॅश क्रेडिटसाठी, म्हणजे मालाच्या तारणावरच्या कर्जासाठी, बँकेला दर महिन्याला दिलेली स्टॉक स्टेटमेंटं मिळाली. विजेच्या बिलातल्या युनिटवरून मशिनं किती चालली याचाही ताळा घेता आला. बँकेला दाखवलेला साठा आणि खरेदी-विक्रीवरून आलेला साठा यांत फरक होता. तो कुठून आला, हे मालकांनी एकेक नोंद लावत समजावलं आणि मी ते अहवालात तसंच लिहिलं.

जीएसटीचा मुद्दाही तुमचाच. नष्ट झालेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, जीएसटी कायद्याच्या कलम 17(5) प्रमाणे परत करावं लागतं. विम्याच्या रकमेत कर धरलेला असेल तर हे परत केलेलं क्रेडिट मालकाचं खरंखुरं नुकसान ठरतं, आणि लहान गाळेवाल्याला हे सांगणारा सहसा कुणी नसतो.

ॲव्हरेजचंही तसंच, म्हणजे विमा मालाच्या किमतीहून कमी असेल तर भरपाई त्याच प्रमाणात कापायचा नियम. एक कोटीच्या मालावर साठ लाखांचा विमा असेल, तर वीस लाखांच्या नुकसानीवर बाराच लाख हिशेबात येतात. हे ऐकताना समोरच्याचा चेहरा पडतो. 1 एप्रिल 2021 पासून आलेल्या भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा पॉलिसीत विम्याच्या रकमेतली 15 टक्क्यांपर्यंतची तूट सोडून देतात, पण त्याहून मोठी तूट कापली जातेच. "आकडा गोड करून सांगू नकोस, कसा आला ते मांडून दाखव," असं तुम्ही बजावलं होतंत. आता मी गणित मालकासमोर बसूनच करते.

अमेरिकेत विमाधारकाच्या बाजूने क्लेम मांडणारा, त्याच्याकडूनच फी घेणारा पब्लिक ॲडजस्टर असतो. आपल्याकडे सर्वेयरची नेमणूक विमा कंपनी करते आणि फीही तीच देते. मात्र अहवाल दोघांनाही न्याय देणारा असला पाहिजे. म्हणूनच पहिल्या भेटीतच लागणाऱ्या सगळ्या कागदांची एकच यादी लेखी द्यायची तुमची सूचना मला इतकी मोलाची वाटते. दर आठवड्याला नवा कागद मागितला की आधीच होरपळलेला माणूस खचतो. तुम्ही स्वतः कारखान्याच्या बाजूने असे क्लेम लढवले होते, टेबलाच्या त्या बाजूला कसं वाटतं हे तुम्हाला माहीत होतं. ती बाजू मला कुठल्याही अभ्यासक्रमात मिळाली नसती.

काका, मनापासून आभार. काकूंचेही, कारण त्या सगळ्या रविवारी टेबल आपण अडवलं आणि त्यांनी पोहे ओट्यावरच वाढले.

आणखी एक विनंती. माझ्याकडे आता कळव्याची एक मुलगी प्रशिक्षणाला आहे, सिव्हिल इंजिनिअर. इमारतीचं नुकसान अचूक काढते, ताळेबंद समोर आला की थांबते. तुमची तब्येत बरी असेल आणि काकूंची हरकत नसेल, तर येत्या रविवारी तिला घेऊन येऊ का? दहापर्यंत पोचू.

तुमची विद्यार्थिनी,
तिसऱ्या मजल्यावरची