मुक्कामी गाडीसाठी

पुणे, रविवार

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, गावाला मुक्कामी एसटी, म्हणजे रात्री गावातच थांबून सकाळी सुटणारी गाडी, मिळावी म्हणून आगाराला द्यायच्या निवेदनाचा कच्चा मजकूर तुम्ही फोनवर वाचून दाखवलात. भाषा झकास आहे, पण 'ग्रामस्थांची अतोनात गैरसोय होत आहे' हे वाक्य आगारात येणाऱ्या प्रत्येक अर्जात असतं. तिथे बघतात ते फेरीचं भारमान, म्हणजे किती जागा भरल्या ते, आणि किलोमीटरमागचं उत्पन्न. तेवढं आधी मांडा, गैरसोय मग.

हिशोब अवघड नाही. एसटीचं तिकीट टप्प्यावर, आणि टप्पा ६ किलोमीटरचा. २५ जानेवारी २०२५च्या भाडेवाढीपासून साध्या गाडीचा टप्पा १० रुपये ५ पैसे झाला. म्हणजे एका माणसामागे किलोमीटरला पावणेदोनच्याही आत. घाटरस्त्याला गाडी लिटरमागे चार-साडेचार किलोमीटर जाते, डिझेल नव्वदच्या आसपास. नुसतं डिझेल किलोमीटरला वीस-बावीस रुपये. फेरीत सरासरी तेरा माणसं असली तर डिझेल सुटतं. चालक-वाहकाचा पगार, टायर, देखभाल बाहेरच. पंचवीस माणसं धरली तर बेचाळीसच्या आसपास जातं, तिथे बोलायला जागा होते. आपल्या वाडीची एकट्याची पंचवीस होणार नाहीत. मार्गासनीपर्यंतच्या सगळ्या थांब्यांची मिळून होतील, म्हणून ठराव एका ग्रामपंचायतीचा नको, वाटेतल्या सगळ्यांचे घ्या.

आणि आता तुमच्याबद्दलच. पंचाहत्तर पूर्ण झाल्यापासून तुम्हाला एसटी फुकट आहे, पण शून्य रुपयाचं तिकीट दर वेळी मागून घेत जा. ओळखीचा वाहक 'बसा काका, राहू द्या' म्हणतो, त्याला ते सोपं जातं. पण मशिनमधून तिकीट निघालं नाही तर तुम्ही गाडीत नव्हताच, असं कागद सांगतो. सवलतीची रक्कम सरकार महामंडळाला देतं, तीही मग मिळत नाही. आई, तुझं अर्धं तिकीटही तसंच, मार्च २०२३पासून सगळ्या बायकांना आहे. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना हे एकदा नीट समजावून सांग, तुझं ऐकतात. (ही सवलत पीएमपीच्या, म्हणजे पुण्याच्या शहर बसच्या, गाडीत चालत नाही. कात्रजला उतरून पुढे शहरात जायचं तर तिथे वेगळे पैसे.)

मोजणी सात दिवस सलग करा, बाजाराचा दिवस धरून. एकजण पाराजवळ, एकजण फाट्यावर. आषाढी वारीचा आठवडा, गणपतीआधीचे दिवस आणि दिवाळीची सुट्टी टाळा. तेव्हा गाड्या पंढरपूरकडे नाहीतर कोकणात वळवलेल्या असतात आणि गावचे आकडे वेडेवाकडे येतात. वहीत वेळ, पुरुष, बाई, विद्यार्थी, पासष्टच्या वरचे आणि कुठे निघाले एवढंच. कशाने गेले तो रकाना मात्र चुकवू नका: वडाप (माणसं भरून नेणारी खाजगी जीप), दुचाकीवर मागे, चालत. एसटीला हवा असलेला प्रवासी आज त्या रकान्यात आहे. गाडी दोनदा उशिरा आली की माणूस वडापला लागतो, मग भारमान पडतं, मग फेरी रद्द होते, आणि फेरी रद्द झाली म्हणून उरलेलेही वडापला. यात वडापवाल्याशी भांडण घेऊ नका. वाड्यावस्त्यांतून फाट्यापर्यंत तोच आणतो, तिथे मोठी गाडी जाणारही नाही. पण खाजगी नोंदणीच्या जीपमध्ये भाडं देऊन बसलेल्याला अपघातात विमा मिळताना मारामार होते, एवढं मुलींच्या आईबापांना माहीत असावं.

दिवसाची जास्तीची फेरी मागण्याऐवजी मुक्कामी गाडीच का मागायची, ते ठरावात लिहा. सकाळी सातची गाडी आगारातून पाठवायची तर ती वर येताना रिकामी येते, ते किलोमीटर वाया जातात. मुक्कामी गाडी संध्याकाळी परतणारी माणसं घेऊन वर येते आणि सकाळी तीच खाली नेते. दोन्ही बाजूंनी भरलेली. एवढा साधा फायदा असूनही मुक्काम बंद का पडतात? बहुतेक वेळा झोपायच्या जागेमुळे. कडीकुलूप लागणारी खोली, दोन खाटी, दिवा, पाणी आणि संडास, एवढं ग्रामपंचायतीने लेखी द्यावं. शाळेच्या व्हरांड्यात पावसाळ्यात डास चावून घेत झोपलेला चालक सकाळी घाट उतरवणार आहे, हे आपणच लक्षात ठेवायला हवं. गाडी उभी राहते तिथे रात्रभर दिवा हवा, नाहीतर डिझेल आणि बॅटरी दोन्ही जातात.

रस्त्याचं तुम्ही फक्त 'दुरुस्ती करावी' असं लिहिलंय. टेप घेऊन मोजा. डांबर बहुधा पावणेचार मीटर भरेल, आणि गाडी अडीच मीटरच्या वर रुंद असते. समोरून टेम्पो आला की कुणीतरी साइडपट्टीवर उतरणार. ती पावसाने खचलेली असेल तर चालक एकदाच फसतो, दुसऱ्यांदा फाट्यावरूनच गाडी फिरवतो. पाराजवळ वळायला साधारण पंचवीस मीटर मोकळी जागा हवी. ट्रॅक्टर आणि विटांचा ढीग हलवले तर मिळेल. पिंपळाच्या फांद्या पंधरा फुटांपर्यंत छाटून घ्या. गावातला रस्ता जिल्हा परिषदेचा असेल, तर त्याचा अर्ज पंचायत समितीत वेगळा द्या. एसटीच्या अर्जात रस्ता घुसडला की दोन्ही कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवतात.

वेळ तुम्ही 'सकाळी' एवढीच लिहिली आहे. कॉलेजची पहिली घंटा आणि दवाखान्यातली केसपेपरची खिडकी या दोन वेळांच्या अर्धा तास आधी गाडी पोचायला हवी, असं मागा. परतीची एक फेरी दीडच्या सुमारास हवी, पेशंट तेव्हा मोकळे होतात. तीच जर चारला दिलीत तर आजारी माणूस स्टँडवर अडीच तास बसेल, आणि पुढच्या वेळी जीपच करेल.

अर्ज आगार व्यवस्थापकांना, प्रत पुण्याच्या विभाग नियंत्रकांना. दोन्हींवर शिक्का मारून पोच घ्या, तारखेसकट. महिनाभर काही हललं नाही तर माहितीच्या अधिकारात मागा: मागच्या तीन महिन्यांत या मार्गावर ठरलेल्या फेऱ्या किती, धावल्या किती, रद्द झालेल्यांची कारणं काय, आणि फेरीनिहाय उत्पन्न. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, मजकूर दीडशे शब्दांच्या आत, आणि उत्तराला तीस दिवस. कारणांच्या रकान्यात 'चालक उपलब्ध नाही' जास्त वेळा निघालं तर आगारवाले 'प्रवासीच कमी आहेत' असं उत्तर तुम्हाला देऊ शकणार नाहीत. म्हणून हा अर्ज कंटाळा न करता कराच.

वहीचं पान आखून सोबत पाठवलंय, झेरॉक्स वेल्ह्यात काढा. फाट्यावरची वही आई सांभाळेल, बाबांचं अक्षर घाईत कुणाला लागत नाही.

तुमची,
सुनीता