टॅब येतोय, मी येत नाहीये

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला गेले की आई आधीच "निघतेस कधी?" विचारते आणि माझे शब्द घशातच राहतात. म्हणून लिहितेय. यंदा गणपतीला मला येता येणार नाही. रजा होती ती सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला गेली, ओमची परीक्षा नेमकी गौरी गेल्यावर लगेच आहे, आणि बंगळूरहून येऊन-जाऊन हातात जेमतेम दीड दिवस उरत होता. त्या दीड दिवसासाठीही निघाले असते, खरंच. पण सासूबाई अजून काठीशिवाय चालत नाहीत, त्यांना ओमच्या भरवशावर कसं ठेवू? आई, तू रागावणार नाहीस हे मला माहीत आहे. त्याचंच जास्त वाईट वाटतं.

गुरुवारपर्यंत एक खोकं येईल. त्यात टॅब आहे. माझ्या न येण्याची भरपाई म्हणून तो पाठवलेला नाही, हे आधी मनात घ्या. तो मी जूनमध्येच ठरवला होता. बाबा, तुमचा मोबाइल उत्तम चालतोय आणि चालती वस्तू बदलायची नाही, हे तुमचं म्हणणं मला पाठ आहे. पण मे महिन्यात तुम्ही मोबाइल पार नाकाला लावून पेपर वाचत होता. एका डोळ्याचा मोतीबिंदू निघाला, दुसऱ्याचा दिवाळीनंतर; तोवर असं ताणत बसायचं का? नवा मोबाइल घेतला तरी पडदा साडेसहा इंचांच्या आसपासच असतो. टॅबचा ११ इंच आहे. हे माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं, त्यामुळे आकड्यात दुपटीहून कमी दिसलं तरी वाचायची जागा तिपटीहून जास्त होते. दुकानात आठ इंची टॅबही हातात घेऊन पाहिला. हलका होता, पण अक्षर तुम्हाला लागतं तेवढं मोठं केलं की ओळीत चारच शब्द मावत होते. म्हणून मोठा घेतला. त्याचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास आहे, तेव्हा झोपून तोंडावर धरायचा नाही. स्टँड पाठवलाय. जेवणाच्या टेबलावर, खिडकीकडे पाठ येणार नाही असं बसा, म्हणजे पडद्यावर उजेड चमकणार नाही आणि आरतीला मला तुमचे चेहरेही दिसतील. अक्षरं मोठी करून ठेवलीत, कीबोर्ड मराठी आहे, आणि माइकचं चित्र दाबून बोललं की तो आपोआप लिहितो. आईने बोलून लिहावं. डोळ्यांत थेंब घालायच्या चारही वेळांचे गजर लावलेत. ते बंद करून झोपायचं नाही.

बाबा, आता तुमच्या मनातली एक गोष्ट. माळ्यावरचा आपला व्हिडिओ गेम २०२१ च्या पुरातून वाचला, पण नव्या टीव्हीला जोडल्यावर बदकं मारायची बंदूक चालेना, तेव्हा तुम्ही किती हिरमुसला होता. "पाणी लागलं असेल" म्हणालात. पाणी लागलेलं नाही. मी नीट वाचून काढलं. बंदुकीतून काही सुटत नाहीच, उलट तिच्या नळीत उजेड ओळखणारा डोळा असतो. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो. तो उजेड नेमक्या वेळी डोळ्याला दिसला तर बदक पडतं. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर हे त्या क्षणी व्हायचं, नवे टीव्ही चित्र थोडं उशिरा दाखवतात, म्हणून बंदुकीला काही दिसतच नाही. तुमची बंदूक शाबूत आहे, बाबा. भंगारात देऊ नका. त्या दिवाळीत तुम्ही बोनसमधून तो गेम आणलात आणि स्वतःचा स्वेटर पुढच्या वर्षावर ढकललात, हे मला फार उशिरा कळलं.

आई, गेम म्हटलं की तू कपाळाला आठ्या घालतेस. ओम तासन्‌तास मान घालून बसतो ते मलाही आवडत नाही. आम्ही रात्री जेवणानंतर त्याचं बंदच केलंय. पण सगळे गेम सारखे नसतात. तुझ्यासाठी सुडोकू टाकलाय, पैसे भरून घेतलेला, म्हणजे मध्येच जाहिरात येऊन बोट भलतीकडे पडणार नाही. पेपरातला पेन्सिलने सोडवतेस तो सोडू नको हं. बाबांसाठी बुद्धिबळ आहे. ओमशी दिवसाला एकच चाल, पूर्वी लोक पोस्टकार्डावर खेळायचे तशी. घोड्यांच्या बाबतीत तो कच्चा आहे, जरा सांभाळून घ्या.

आता मी सांगते ते दोघांनी ऐका. टॅबमध्ये सिम नाही आणि बँकेचं काहीही टाकायचं नाही, ते मोबाइलवरच राहू दे. पैसे मिळवायला पिन लागत नाही. कुणी "पैसे येतील, पिन टाका" म्हणालं की फोन ठेवा. पत्त्यांवर पैसे लावायच्या गेमची लिंक शेजारच्या काकांनी पाठवली तरी उघडायची नाही, असले खेळ २०२५ च्या कायद्याने बंद झालेत. व्हिडिओ कॉलवर पोलीस बनून कुणी "तुम्हाला डिजिटल अटक झाली" म्हणालं तर घाबरू नका, अशी अटक कायद्यात नाहीच. आधी मला फोन करा. पैसे गेलेच तर क्षणभरही न थांबता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. बाबा, लपवायचं नाही, मी एक शब्दही बोलणार नाही. रोज शंभर टक्के चार्ज करायची गरज नाही, वीसच्या खाली गेला की लावा. आणि उकडीच्या हाताने पडद्याला हात लावू नका, समईपासूनही लांब ठेवा.

पुरात अल्बम गेले तेव्हा आई एकेक ओला फोटो अंगणात दोरीवर वाळत घालत होती, आणि सगळे पांढरे पडत गेले. मी दोन वर्षं मावशीकडून, काकूंकडून, दादाच्या लग्नातल्या व्हिडिओतून मिळतील तेवढे गोळा केलेत. २१४ झाले. सगळे टॅबमध्ये आहेत. उघडल्यावर पहिला दिसेल तो मावशीकडचा: बाबा बनियनवर, हातात ती बंदूक, एक डोळा मिटलेला, आणि मी त्यांच्या पाठीवर.

तुमची,
मनी

ता. क. खोकं फाडून टाकू नका, बिल त्यातच आहे. चष्मा लावून उघडा.