जीवाश्म वेचण्यावर बंदी कशाला?

इंग्लंडच्या जुरासिक किनाऱ्यावर जीवाश्म वेचण्यास सरसकट बंदी हवी, हे रविवारच्या पुरवणीतील लेखातले मत पटले नाही. तिथल्या लाइम रेजिस आणि चारमथ या गावांजवळचे मऊ कडे पावसाळी हिवाळ्यात ढासळत राहतात. गोट्यांत पडलेले नखाएवढे, सोनेरी पायराइट खनिजाचे अमोनाइट (वळणदार शंखाच्या प्राचीन सागरी जीवांचे जीवाश्म) कोणी उचलले नाहीत, तर लाटा त्यांचा भुगा करतात. जीवाश्म शोधणाऱ्या मेरी ॲनिंग यांना १८२३ मध्ये प्लेसिओसॉर या लांब मानेच्या प्राचीन सागरी सरीसृपाचा सांगाडा याच किनाऱ्यावर गवसला, तोही ऐन डिसेंबरात! तेथील आचारसंहिता सुटे नमुने वेचू देते. कडा खोदू देत नाही आणि महत्त्वाच्या नमुन्याची नोंद मागते. कड्यावर हातोडा चालवणाऱ्यांना जरूर अडवावे, दरडीचा धोका आहेच. पण ओहोटीला वाकून गोटे चाळणारी पोरे कसली नासधूस करणार?

– एक वाचक, पुणे